नरसूमामांचे वॅट

सायकलीच्या सामानाची परीक्षणं करणारा माणूस स्वतः बरा सायकलस्वार असतो, असा लोकांचा समज आहे. तो मोडू नये म्हणून मी सहा वर्षं फार मेहनत घेतली. माझ्या व्हिडिओत मी कायम उतारावर असतो. चढ आला की कॅमेरा निसर्गाकडे वळतो. कॉलेजात फिजिक्स शिकवत असल्यामुळे 'टॉर्क', 'घर्षण', 'मापनातील त्रुटी' हे शब्द माझ्या तोंडून सहज पडतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस तोलून-मापून बोलतोय. हेल्मेट, दिवे, टायर, पंप, असल्या शेकडो वस्तूंवर मी आजवर निकाल दिले. खरं सांगायचं तर त्यातला एकही निकाल माझा नव्हता. वस्तू आली की मी ती घेऊन सोलापूरच्या साखर पेठेत नरसूमामांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानी जायचो, ते काय म्हणतात ते ऐकायचो आणि घरी येऊन तेच शास्त्रातले शब्द घालून सांगायचो.

माझा स्वतःचा म्हणावा असा निकाल एकच. तो मी मामांना न विचारता दिला. मामांना जाऊन आता वर्ष होईल.

नरसय्या हे त्यांचं पूर्ण नाव. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि शिवी द्यायची वेळ आली तर दख्खनी. सायकलीशी मात्र ते तेलुगूतच बोलत. चेन चढवताना पुटपुटत, ब्रेकची तार ओढताना समजूत घालत. तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात माग चालवून झाल्यावर कारखाना बंद पडला, आणि मामांनी गल्लीच्या तोंडाशी दहा बाय आठच्या खोलीत सायकल दुरुस्ती सुरू केली. अंगात कायम पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट. ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालणारा हा माणूस संध्याकाळी दुकान बंद करायचा तेव्हा शर्टावर डाग नसायचा. खांद्यावर स्वतःच्या मागावर विणलेला टॉवेल. त्याचा रंग कुठला होता हे आता त्यांनाही आठवत नव्हतं.

मामा सायकल 'बिघडली' असं कधी म्हणत नसत. 'नाराज हाय' म्हणत. आणि नाराज सायकल घेऊन कुणी आलं की ते सायकलीला हात लावत नसत. आधी गिऱ्हाइकाला धाग्याच्या बॉबिनांच्या जुन्या लाकडी पेटीवर बसवत, त्याच्याकडे बघत, मग म्हणत, "जरा चालून दाखवा की."

मलाही चालायला लावलं होतं. मी तेव्हा नवीकोरी, हलक्या धातूची सायकल घेतली होती आणि तिच्यावर बसलं की माझी कंबर उजवीकडून दुखायची. पुण्याच्या एका तज्ज्ञाकडे जाऊन मी सीट तीनदा बदलून आलो होतो, हँडल वर-खाली करून घेतलं होतं. शेवटी कुणीतरी म्हणालं, साखर पेठेत एक मामा आहेत.

मामांनी मला भर गल्लीत पंधरा पावलं चालवलं. बाजूच्या किराणा दुकानातून दोन बायका बघत होत्या. मग त्यांनी मला सायकलवर बसवलं, मागे जाऊन उकिडवे बसले आणि बराच वेळ माझ्या पार्श्वभागाचं निरीक्षण केलं.

"सर, सायकल बरोबर हाय," ते म्हणाले. "तुमी वाकडे हाय."

"म्हणजे?"

"मागच्या खिशात काय हाय?"

पाकीट होतं. उजव्या खिशात. ओळखपत्रं, जुन्या पावत्या, कुणाकुणाची कार्डं, फोटो, असा विटेएवढा ऐवज मी वर्षानुवर्षं बुडाखाली घेऊन बसत होतो. मामांनी ते काढून पेटीवर ठेवलं आणि एक चक्कर मारून यायला सांगितलं. अशोक चौकापर्यंत जाऊन आलो. कंबर दुखली नाही. फिजिक्सचा प्राध्यापक, गुरुत्वमध्य शिकवतो पोरांना! किराणा दुकानातल्या बायका हसत होत्या. मामा हसले नाहीत. म्हणाले, "आदी माणूस बघायचा, मग सायकल. उलटं केलं की दोनी खराब व्हत्यात."

हे ते कारखान्यात शिकले होते. त्यांच्या खात्यात एका विणकराच्या मागावर दर तासा-दोन तासाला कापडात बारीक चूक निघायची. माग दुरुस्त करणाऱ्यांनी तो तीन वेळा उघडला, पट्टे बदलले, शेवटी माग भंगारात काढा म्हणाले. मामा आपलं काम संपल्यावर त्या विणकराच्या समोर जाऊन नुसते बसले. तासाभरानं त्यांना दिसलं की हा गडी उभ्या-उभ्या पापणी मिटतोय, दोन श्वासांपुरती. घरी बायको आजारी, रात्रभर जागरण. "कापडात त्याची झोप विनली जात हुती," मामा सांगायचे. "आनि शिव्या खात हुता माग."

एकदा माझ्या देखत एक निवृत्त हेडक्लार्क आले. पंधरा दिवसांत तिसरी घंटी बदलायला आले होते. हिचा आवाजच येत नाही म्हणत होते. मामांनी घंटी वाजवली. समोरच्या झाडावरचा कावळा उडाला. मामा त्यांच्या पाठीमागे गेले, पुन्हा वाजवली. हेडक्लार्क शांतपणे समोर बघत राहिले. मामांनी पुढं येऊन त्यांचा हात हातात घेतला आणि जवळ जाऊन, मोठ्यानं पण अगदी आदबीनं सांगितलं, "सायेब, घंटी लई गुनाची हाय. तिला लाजवू नका. कानाच्या डॉक्टरकडं जाऊन या." साहेब रागावून गेले. महिन्यानं कानात यंत्र घालून आले, पेढे घेऊन.

मामांनी असे किती जण डॉक्टरकडे पाठवले असतील. पेडल एकाच बाजूनं झिजतं म्हणून आलेल्याला गुडघ्याच्या डॉक्टरकडे. हँडल थरथरतं म्हणणाऱ्याला तर हातच धरून घेऊन गेले. गल्लीतला फॅमिली डॉक्टर चेष्टेनं म्हणायचा, नरसय्या पाठवतो ते पेशंट तपासावे लागत नाहीत, फक्त लिहायचं.

तर गेल्या वर्षी एका परदेशी कंपनीनं मला एक स्मार्ट ट्रेनर परीक्षणासाठी पाठवला. हे यंत्र म्हणजे घरात बसून सायकल चालवायची सोय. सायकलीचं मागचं चाक काढायचं, त्या जागी हे वजनदार धूड जोडायचं, चेन त्याच्या दातऱ्यांवर चढवायची आणि समोर पडदा लावायचा. पडद्यावर डोंगर आला की यंत्र आपोआप जड होतं, उतार आला की हलकं. तुमच्या पायांतून किती जोर निघतोय त्याचा आकडा पडद्यावर दिसतो. तो वॅटमध्ये. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात सकाळी आठनंतर रस्त्यावर सायकल चालवणं म्हणजे स्वतःला भाजायला टाकण्यासारखं. त्यामुळे या वस्तूला आमच्याकडे भविष्य आहे असं मी कंपनीला पत्रात लिहिलं होतं. किंमत जुन्या चारचाकीएवढी. असली वस्तू माझ्याकडे परीक्षणाला येणं हा माझ्या कारकिर्दीचा कळस होता. मी होटगी रोडवरच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एसी लावून घेतला आणि मामांना बोलावलं.

मामा आले. पायरीवर चपला काढल्या, सोड्यानं हात धुतले, यंत्राभोवती एक फेरी मारली.

"मागचं चाक कुटं टाकलं?"

"काढून ठेवायचं मामा. चाकाच्या जागी हे."

"मग जायाचं कुटं?"

"कुठंच नाही. जागेवरच. पडद्यावर रस्ता दिसतो."

"आसं व्हय." मामांनी जरा विचार केला. "मग उतरायचं कवा?"

मी इतका हसलो की कॅमेरा हलला. ते वाक्य मी पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच टाकलं. लोकांना फार आवडलं.

मामांनी यंत्रावर तळवा ठेवला, पेडल फिरवलं, डोळे मिटून ऐकलं. मागाच्या खटखटाटात आयुष्य गेलेल्या माणसाला त्या यंत्राचा मऊ घरघराट म्हणजे काहीच नव्हता. "मुकी हाय," म्हणाले. "पन गुनाची हाय."

हा मामांचा निकाल. पहिल्याच दिवशी, पाच मिनिटांत दिलेला. तो घेऊन मी गप्प बसायला हवं होतं.

पण परीक्षण म्हटलं की आकडे हवेत. यंत्र दाखवतं तो जोर खरा की खोटा, हे तपासायचं कसं? त्याची योग्य रीत म्हणजे जोर मोजणारी वेगळी पेडलं आणायची, सायकलीला लावायची आणि दोन्ही आकडे ताडून बघायचे. ती पेडलं माझ्याकडे नव्हती. मागवायला वेळ लागला असता. आणि माझ्याकडे त्यापेक्षा भारी कल्पना होती. माझ्याकडे मामा होते.

कारण मामा सायकल चालवायचे ती घड्याळासारखी. रविवारी आमचा सायकल ग्रुप अक्कलकोट रस्त्याला निघाला की त्रेसष्ट वर्षांचे मामा आपल्या काळ्या, दणकट सायकलवर सगळ्यांत पुढे असायचे; वेगामुळे नव्हे, ठेक्यामुळे. वारा असो, चढ असो, त्यांचे पाय त्याच लयीत फिरायचे. मागाचा ठेका पायात मुरला होता. शास्त्रज्ञ जसं किलोचं मूळ वजन काचेखाली जपून ठेवायचे, तसे मी मामा जपून वापरायचं ठरवलं. रोज सकाळी सात वाजता, एकच गिअर, यंत्राचा एकच जडपणा, वीस मिनिटं. मामा नेहमीसारखे पेडल मारतील. आकडा स्थिर राहिला तर यंत्र चांगलं. आकडा हलला तर यंत्र खोटं. सहा आठवडे. मी याला 'मामा-कसोटी' असं नाव दिलं आणि स्वतःवर खूश झालो.

मामा रोज साखर पेठेतून सायकलवर यायचे. घाम यंत्रावर पडू नये म्हणून हँडलवर आपला टॉवेल पसरायचे. वीस मिनिटं झाली की टॉवेलनं आधी यंत्र पुसायचे, मग तोंड. मग बशीतून चहा. पहिल्या आठवड्यात आकडा आला एकशे चाळीस. दुसऱ्या दिवशीही तोच. तिसऱ्या दिवशी एकशे एकेचाळीस. मी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवली.

तिसऱ्या आठवड्यात एकशे तीस आला.

मी यंत्राच्या सूचनापत्रकाप्रमाणे ते नव्यानं जुळवून घेतलं. एकशे अठ्ठावीस. मग मला आमच्या भागातल्या विजेचा संशय आला, स्टॅबिलायझर आणला. एकशे पंचवीस. एसीचं तापमान दोन अंशांनी खाली आणलं. तार बदलली. फरशीवर गवंडी वापरतात ती पाणसळ ठेवून यंत्र सरळ उभं आहे का ते बघितलं. पायांच्या फेऱ्यांचा आकडाही पडद्यावर कमी दिसत होता, त्यावरून मी निष्कर्ष काढला की यंत्राचं मोजणंच मुळात ढिलं आहे. माझ्या मनगटावर घड्याळ होतं. मामांचे पाय माझ्यापासून दोन हातांवर फिरत होते. एक मिनिट घड्याळाकडे बघून ते पाय मोजायला कुठलंच उपकरण लागत नव्हतं. ते मी एकदाही केलं नाही.

आमच्या घरात मोजलं ते मंगलनं, माझ्या बायकोनं. एका सकाळी ती स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं बाहेर आली.

"अहो, मामांचे पाय हळू झालेत."

"यंत्र तसं दाखवतंय. म्हणून तर—"

"यंत्राचं नाही सांगत. मी रोज त्यांच्या चेनच्या आवाजावर भाकरी थापते. आधी एका लयीत हात चालायचा. हल्ली माझा हात थांबून राहतो, वाट बघत."

"मंगल," मी म्हणालो, "भाकरी हे मापनाचं साधन नाही."

ती आत गेली. जाताना एवढंच म्हणाली, "त्यांच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ बघा किती खोल उमटलाय."

मी बघितला. म्हणालो, चप्पल घट्ट असेल.

मामांचं म्हणणं वेगळं होतं. मी कॅमेऱ्यासमोर यंत्राला नावं ठेवायला लागलो की ते अस्वस्थ व्हायचे. एकदा चहा तसाच ठेवून म्हणाले, "सर, तिला कशाला बोलताय? आज माजेच पाय नाराज हायेत."

"मामा, तुमचं मन मोठं आहे. पण यंत्राची चूक अंगावर घेऊ नका."

"घेत न्हाय. पन रात्री झोप न्हाय लागत नीट. उशी दोन लागत्यात."

"वय झालं मामा. मलाही दोन लागतात." मला दोन लागत नव्हत्या. मी विनोद केला होता.

पाचव्या आठवड्यात एक दिवस मामा आले ते सायकल ढकलत. चाचणी झाल्यावर म्हणाले, "सर, सायकल राहू दे हितंच. मागच्या चाकात हवा कमी हाय. मी रिक्षानं जातो." त्यानंतर ते रोज रिक्षानं यायला लागले. साखर पेठेतला मामा, ज्याच्या दुकानात तीन पंप, तो हवा कमी म्हणून सायकल माझ्या दारात ठेवून जातो, आणि मी विश्वास ठेवला. इतकंच नाही, मंगलला म्हणालो, मामांना एसीची आणि रिक्षाची सवय लागली बघ, म्हातारपणी चैन आवडते.

त्याच आठवड्यात त्यांनी विचारलं. आजही आठवतं, टॉवेलाची घडी घालता-घालता, माझ्याकडे न बघता. "सर, गुरुवारी सकाळी नाय आलो तर चालंल का? मामीचा भाऊ हाय न्हवं, तो दवाखान्यात नंबर लावतो म्हनतोय. जरा दम लागतोय."

मी आलेख दाखवला. निळी रेघ, पाच आठवड्यांची, एकही दिवस न तुटलेली. "मामा, आता खाडा झाला तर सगळं वाया जाईल. लोक म्हणतील, मधला दिवस लपवला. दहा दिवसांचा प्रश्न आहे. मग मी स्वतः तुम्हाला गाडीतून नेतो, शहरातल्या सगळ्यात मोठ्या डॉक्टरकडे."

मामांनी रेघेकडे बराच वेळ बघितलं. मागावरचं कापड बघावं तसं, जवळून.

"बरं," म्हणाले. "तुमचा आलेख तुटायला नको."

या काळात माझा चॅनेल जोरात चालला होता. 'महागडं यंत्र, उघडं पडलं' असं मी पाचव्या भागाचं नाव ठेवलं. लोक लिहीत होते, मामांना न्याय द्या, कंपनीला शिकवा धडा. कंपनीनं कुरकुर न करता दुसरं यंत्र पाठवलं. मामांनी ते जोडलं. दुसऱ्या यंत्रावर एकशे दहा आला. पहिल्यावर आदल्या दिवशी एकशे अकरा आला होता. दोन वेगळी यंत्रं एका माणसाबद्दल एकच गोष्ट सांगत होती. प्रयोगशाळेत एखाद्या पोरानं असे आकडे लिहून आणले असते तर मी त्याला विचारलं असतं, 'अरे, मग तिसरं काय उरलं?' मी कॅमेऱ्यासमोर जाहीर केलं की कंपनीची अख्खी खेपच खोटी आहे.

शेवटच्या आठवड्यात पुण्याहून कंपनीचा इंजिनिअर आला. नम्र माणूस. बॅगेतून त्यानं ती जोर मोजणारी पेडलं काढली, सायकलीला लावली आणि टेबलावर दोन पडदे शेजारी-शेजारी ठेवले. एकावर यंत्राचा आकडा, दुसऱ्यावर पेडलांचा. मामांनी टॉवेल पसरला, सीटवर बसले. सात मिनिटं झाली. एका पडद्यावर अठ्ठ्याण्णव, दुसऱ्यावर सत्त्याण्णव.

"सर," इंजिनिअर हळूच म्हणाला, "दोन्ही बरोबर आहेत."

मामा पेडल मारायचे थांबले होते, हँडलवर वाकून श्वास गोळा करत होते. मग त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर हसू होतं. सहा आठवड्यांत मी त्यांना एवढं मोकळं हसताना बघितलं नव्हतं.

"बघा की! मी सांगत न्हवतो? ती गुनाचीच हाय." यंत्रावर त्यांनी दोन थापा मारल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, आदी माणूस बघायचा असतो."

टोमणा नव्हता त्यात. शिकवलेला धडा विद्यार्थी विसरला की मास्तर आठवण करून देतो, तसं म्हणाले. दख्खनीत शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यावर मी काय केलं असेल? इंजिनिअरला विचारलं की पेडलं तुमचीच आहेत, ती कशावरून खरी? हो, हे मी विचारलं. मंगल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, कपाटातून गाडीची किल्ली काढली आणि मामांना म्हणाली, "चला मामा, मी नेते."

हृदयाचा स्नायू थकला होता. पायाला सूज, छातीत पाणी, उताणं झोपलं की गुदमरायचं म्हणून दोन उशा. संध्याकाळी मी दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर मामींना विचारत होते, हे कधीपासून सुरू झालं? मामी विड्या वळणारी बाई, पंचवीस विड्यांचं बंडल डोळे मिटून बांधेल, पण तारखा तिला कशा सांगता येणार? म्हणाली, "धा-पंधरा दिस झालं की."

मी पुढं झालो आणि मोबाइलवर आलेख उघडून दाखवला. कुठल्या दिवशी सुरुवात झाली, कुठल्या आठवड्यात उतार वाढला, रोज सकाळी सात वाजता, खोलीचं तापमान कायम ठेवून. डॉक्टरांनी तो बोटानं मोठा करून बघितला. म्हणाले, "इतकी सविस्तर नोंद मी कुठल्याच नातेवाइकाकडे बघितली नाही." मग विचारलं, "हे समोर होतं, तर आणलं का नाही?"

मामी माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं, सर काहीतरी शास्त्रातलं उत्तर देतील.

बारा दिवसांनी मामांना घरी सोडलं. सायकल बंद, जिना बंद, मीठ बंद. मी भेटायला गेलो की मामा एकच विचारायचे, "सांगितलं का लोकास्नी?" यंत्राची बदनामी त्यांच्या मनाला लागली होती. त्यांच्यामुळे एका गुणाच्या वस्तूला चारचौघांत खोटं पाडलं गेलं, असं त्यांना वाटायचं. त्यांच्यामुळे!

शेवटी मी व्हिडिओ केला. दीड मिनिटाचा. आधीचे सगळे भाग काढून टाकले आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की चाचणीच्या परिस्थितीत बदल झाल्यामुळे अगोदरचे निष्कर्ष ग्राह्य धरू नयेत. यंत्र निर्दोष आहे. या सगळ्या प्रकरणात मी मराठीत बोललेलं ते सगळ्यात शुद्ध वाक्य होतं.

मामांनी तो माझ्यासमोरच मामीच्या फोनवर बघितला. दोनदा.

"चांगलं केलं," म्हणाले. मग विचारलं, "सर, परिस्थिती म्हंजे मीच न्हवं का?"

मी चहा घेतला.

यंत्र परत पाठवायच्या दिवशी मामा स्वतः आले. मी नको म्हणालो होतो. "मी जोडलंय, मीच सोडवनार," म्हणाले. शर्ट पांढराशुभ्र, पण गळ्याशी सैल झालेला. सोड्यानं हात धुतले. स्टुलावर बसून, मध्ये-मध्ये थांबत त्यांनी चेन उतरवली, माझ्या सायकलला तिचं मागचं चाक परत बसवलं, यंत्राचे पाय दुमडले. खोक्यात ठेवताना दातऱ्यांना ओरखडा येऊ नये म्हणून खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांना गुंडाळला.

"मामा, टॉवेल जाईल की कंपनीत."

"जाऊ दे. ती मुकी हाय, तिला कोन इचारनार? टॉवेल बघून कळंल, कुनीतरी नीट ठेवलं हुतं."

मग म्हणाले, आता माझी सायकल न्हेतो. महिन्याहून जास्त ती आमच्या दारात उभी होती. मी गाडीतून सोडतो म्हणालो, रिक्षा बोलावतो म्हणालो. "चालत न्हेतो की हळूहळू. मिरवनुकीगत," म्हणाले. हँडल धरलं आणि निघाले.

मी फाटकात उभा राहिलो. पहिल्या खांबापर्यंत नीट गेले. दुसऱ्याशी पावलं आखूड झाली. तिसऱ्या विजेच्या खांबाशी मामा थांबले, सायकल खांबाला टेकवली, आणि वाकून मागच्या चाकाकडे बघायला लागले. टायर अंगठ्यानं दाबून बघितलं. पेडल उलटं फिरवलं. कान जवळ नेला. मग सीटवर हात ठेवून, मान खाली घालून तसेच उभे राहिले.

दूधवाला गाडी हळू करून ओरडला, "काय मामा, पंक्चर का काय?"

मामांनी मान वर न करता हात हलवला. "व्हय. जरा नाराज हाय."

दूधवाला गेला. मामा अजून चाकाकडेच बघत होते. मी गेलो असतो तर त्यांना कळलं असतं, की मला दिसलं. जायचं तेव्हा मी गेलो नव्हतो, आणि आता जाऊन त्यांची एवढी एक थाप उघडी पाडायची माझी हिंमत झाली नाही. तीन-चार मिनिटांनी त्यांनी सायकल सरळ केली, चाकाला हळूच एक थाप मारली, आणि पुढच्या खांबाकडे चालू लागले. त्यानंतर मी मामांना बघितलं नाही. आठवड्यानं मंगलच्या फोनवर मामीचा फोन आला.

त्या चाकात हवा भरपूर होती. मामा यायच्या आधी, सकाळीच मी ती भरून ठेवली होती, आणि कधी नव्हे ते मोजूनही बघितली होती.